हंड्यांतील कडूपणा

वाचावयाचा भाग : दुसरे राजे, अध्याय ४, वचनें ३८ ते ४१.

वरील चार वचनें आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत क्वचितच वाचलीं जातात. त्यांच्या आधीं शूनेमच्या बाईचा मुलगा पुन्हां जिवंत झाल्याची मोठी कथा आहे, व पुढल्याच अध्यायांत नामान सेनापतीची. अशा दोन डोंगरांच्या मध्यें ही एका हंड्याची गोष्ट झांकून गेली आहे. आम्हीही कैक वर्षें ती वाचून पुढें जात असूं. ज्या दिवशीं आमच्याच घरीं तसला हंडा चुलीवरून खालीं उतरला, त्या दिवसापासून मात्र हा भाग आमच्यानें घाईनें वाचवत नाहीं. तें कसें घडलें हें आधीं सांगतों. सांगण्यास लाज वाटते. पण लाजेमुळें गप्प राहण्याचा परिणाम काय होतो हेंच या लेखांत सांगावयाचें असल्यामुळें इलाज नाहीं.

इंदापूर तालुक्याला एका अंगाला भीमा व दुसऱ्या अंगाला नीरा अशा दोन नद्यांचा शेजार आहे. उजनीचें विस्तीर्ण पाणी आहे, आणि इंग्रजी अमदानींत काढलेला नीरा डावा कालवाही आहे. नुसता नकाशा पाहणाऱ्याला वाटेल कीं येथील लोकांस तहान ठाऊक नसेल. त्यानें कालव्याच्या शेपटाला राहणाऱ्या शेतकऱ्यास विचारावें. वरच्या अंगाला ऊस भिजतो, आणि पाळी खालपर्यंत येईतों चारी कोरडी पडलेली असते. २०१६ च्या उन्हाळ्यांत तर उजनीचा उपयुक्त साठाही संपून गेला होता. धरणाचें पाणी असें उतरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ पाण्याबाहेर उघडें पडतें, व लोक तें पाहावयास जातात. ज्यांच्या विहिरी त्याच वेळीं तळाला गेलेल्या असतात त्यांना तें पाहण्याची हौस नसते.

आमच्या वडिलांनीं मरणापूर्वीं दोघां भावांस जमीन वांटून दिली. विहीर मात्र एकच होती, ती कशी वांटणार? तीन दिवस थोरल्याचे, तीन दिवस धाकट्याचे, आणि रविवारीं मोटार बंद, असा नेम त्यांनीं घालून दिला. तो पुष्कळ वर्षें सुखानें चालला. २०१२ सालीं पाऊस हुकला आणि २०१३ च्या उन्हाळ्यांत थोरल्या बंधूंचीं डाळिंबाचीं दीडशे झाडें जागच्या जागीं वाळलीं. त्यांच्या पाळीच्या दिवशीं मोटार चालू केली कीं पाव तासांत नळी वारा ओढूं लागे. त्यांनीं आम्हांस विचारलें. झरे आटले, असें आम्हीं उत्तर दिलें. शब्दानें शब्द वाढला व ते उठून गेले. त्या झऱ्यांविषयीं पुढें सांगावयाचें आहे. तेव्हांपासून तीन वर्षें ते आपल्या मुलांमाणसांसह शेजारच्या गांवीं उपासनेस जाऊं लागले. एका आईचे दूध प्यालेले दोघे भाऊ तीन वर्षें प्रभूच्या मेजावरील एका भाकरीचे वांटेकरी झाले नाहींत.

शेवटीं पाळकसाहेबांनीं मध्यस्थी केली. आम्हींच त्यांना तशी विनंती केली होती, आणि वर हेंही सांगितलें होतें कीं जुनें उकरून काढावयास नको. झालें गेलें विसरावें, एकत्र जेवावें, म्हणजे झालें. थोरले बंधूही हो म्हणाले. मे महिन्यांतील एका रविवारीं उपासना आटोपल्यावर त्यांनीं सहकुटुंब आमच्याकडे जेवावयास यावें असें ठरलें.

डॉक्टरांनीं बंधूंना मांस वर्ज्य सांगितलें होतें. म्हणून हरभऱ्याची डाळ घालून दुधी भोपळ्याची भाजी, आमटी, भात व ज्वारीच्या भाकऱ्या असा बेत होता. भोपळा विकत आणावा असें पत्नीचें म्हणणें. आम्हीं म्हटलें, दारीं वेल असतां विकत कशाला? हा वेल कोणीं लाविलेला नव्हता. कोठून तरी पडलेलें बीं मोरीच्या कडेला रुजलें व कुंपणाच्या बाभळीवर चढलें. त्या उन्हाळ्यांत परसांतले बाकीचे सर्व वेल जळाले. हा एकटा भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर तगला व त्याला चार भोपळे लागले. जरा खुजे, जरा टणक, पण भोपळेच. आम्हांस ती देवाची देणगी वाटली. उपासनेस निघण्याच्या घाईंत आम्हीं चारही तोडून स्वयंपाकघरांत ठेविले.

पाहुणे ओट्यावर येऊन बसले, आणि आंतून हांक आली. पत्नीनें डावाच्या टोंकानें रस्सा तळहातावर घेऊन चाखला होता, आणि लागलीच चूळ भरून टाकली होती. ती म्हणाली, ‘अहो, भाजी कडूजहर झाली आहे.’ आम्हींही बोट बुडवून जिभेला लाविलें. संशयाला जागाच नव्हती. ती म्हणाली, ‘ही टाकून देऊं या. आमटीभात आहेच. मी पिठलें टाकतें, दहा मिनिटांत होईल.’

वाचकांनीं हें तिचें बोलणें ध्यानांत ठेवावें. पुढें गांवांत तिच्याच हाताला नांवें ठेवलीं गेलीं. स्वयंपाक बिघडला कीं दोष चुलीपुढें बसणारीचा, हा आमच्या समाजाचा न्याय ठरलेलाच आहे. वस्तुतः त्या दिवशीं त्या घरांत खरें बोलणारें माणूस तेवढें एकच होतें. पिठल्यानें सर्व कांहीं निभावलें असतें. पण तीन वर्षांनीं दारीं आलेल्या भावाला पिठलें वाढावयाचें? पाळकांपुढें? मंडळीच्या दोघां वडिलांपुढें? आम्हीं म्हटलें, ‘अगं, गुळाचा खडा टाक, दाण्याचें कूट घाल. कोणाला कळणार नाहीं.’ ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग गूळ पडला, कूट पडलें, वर खोबऱ्याचा कीस पडला. भाजी दिसावयास फार सुरेख झाली.

उपकारस्तुति झाली, पंगत बसली. पाळकसाहेबांनीं दोन घास घेतले व ते आमटीभाताकडे वळले. मंडळीच्या वडिलांनीं भाजी ताटाच्या कडेला सारून वर भाकरीचा तुकडा ठेविला. मुलांनीं थुंकून टाकली म्हणून भावजयीनें त्यांना डोळ्यांनीं दटाविलें. कोणीही एक शब्द बोललें नाहीं. थोरले बंधू मात्र खालीं मान घालून जेवत होते. त्यांनीं भाजी संपविली, आणि पत्नी भाकरी वाढावयास आली तेव्हां म्हणाले, ‘भाजी पण वाढ थोडी.’

त्यानंतर तासाभरांत त्यांना उलट्या होऊं लागल्या. पोटांत कळा, जुलाब, आणि मग उलटींत रक्त दिसलें. हातपाय गार पडले. आम्हां इतरांसही मळमळलें, पण आम्हीं खाल्लें तें नांवापुरतें. भावजय ओरडली, ‘काय घातलेंत जेवणांत?’ तें ओरडणें सगळ्या आळीनें ऐकलें. तीन वर्षांचें भांडण ज्यांना ठाऊक होतें त्यांनीं त्याचा जो अर्थ करावयाचा तो केला. आम्हीं जीपगाडी करून बंधूंना इंदापुरास इस्पितळांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न विचारला : काय खाल्लें? दुधीची भाजी, असें आम्हीं सांगितलें. डॉक्टरांनीं दुसरा प्रश्न विचारला : कडू होती काय?

बंधूंचे दोन्ही मुलगे आमच्या शेजारीं उभे होते. ठाऊक नाहीं, असें म्हणणें सोपें होतें. आमच्या जिभेवर तें आलेंही. परंतु खाटेवरून बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं सांगितलें कीं होय, कडू होती; आम्हांस तें वाढण्यापूर्वीं कळलें होतें; गूळ घालावयास आम्हींच सांगितलें.

आतां गिलगालच्या हंड्याकडे येऊं.

देशांत दुष्काळ होता, आणि संदेष्ट्यांचे शिष्य अलीशापुढें बसले होते. त्यानें चाकरास मोठा हंडा चढवावयास सांगितलें. हंडा मोठा, पण आंत घालावयास कांहीं नाहीं. म्हणून एक जण रानांत भाजीपाला शोधावयास गेला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या वृद्ध वाचकांस हें समजावून सांगावयास नको. दुष्काळी कामावर खडी फोडून व सुकडी खाऊन ज्यांनीं दिवस काढले, त्यांनीं पाथरी, तांदुळजा, घोळ, बांधावर जें हिरवें दिसेल तें ओटींत भरून घरीं आणिलेलें आहे. आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यांत केडगांवीं मुक्ति मिशन चालविणाऱ्या पंडिता रमाबाई यांनींही कोवळ्या वयांत आपल्या आईबापांसह रानांतल्या झाडांचीं पानें खाऊन दिवस काढले होते. १८७० नंतरच्या त्या दुष्काळी काळांत त्यांचे आईवडील गेले. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत इतर प्रांतांतल्या उपाशी मुलींना आणावयास त्या स्वतः गेल्या, त्याचें मूळ बहुधा त्या पानांत असावें. भुकेला हात झाडाचें नांव विचारीत नाहीं. त्या तरुणाला रानवेल दिसला, त्यानें ओटीभर फळें आणिलीं व चिरून हंड्यांत टाकलीं. तीं काय आहेत हें त्यालाही ठाऊक नव्हतें व इतरांनाही नव्हतें.

बहुतेक टीकाकार तें फळ आपल्याकडे ज्यास कडू इंद्रावण म्हणतात तेंच असावें असें मानतात. वाळूंत व कोरड्या माळावर पसरणारा हा वेल, कलिंगडासारखीं कातरलेलीं पानें, आणि मुठीएवढें गोल, हातांत घ्यावेंसें वाटणारें फळ. वैद्यांना तें तीव्र रेचक म्हणून ठाऊक आहे. दुधी, दोडका, काकडी, कलिंगड आणि इंद्रावण हीं सर्व एका कुळांतलीं भावंडें होत. या कुळांत एक कडू द्रव्य वसतें, त्यास शास्त्रज्ञ कुकुर्बिटासिन असें म्हणतात. किड्यांनीं व जनावरांनीं आपणांस खाऊं नये म्हणून वेल तें तयार करितो. मनुष्यानें पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचें बीं राखून घरच्या वेलांतून तें जवळजवळ घालविलें; समूळ मात्र गेलें नाहीं. कडक ऊन, पाण्याची ओढ, अथवा रानटी जातीशीं संकर झालेलें बीं, एवढें निमित्त मिळालें कीं तें पुन्हां वर येतें. आणि तें शिजवून जात नाहीं. आमच्या उरलेल्या भाजीचें पातेलें दुसऱ्या दिवशीं खड्ड्यांत ओतावयास नेलें, तेव्हां वाटेंत शेळीनें हुंगून तोंड फिरविलें. तिला कोणीं गूळ आहे म्हणून फसवूं शकलें नाहीं.

याविषयीं आणखी थोडें लिहिणें आमचें कर्तव्य आहे, कारण पुष्कळ घरीं हें अद्याप ठाऊक नाहीं. कडू दुधीच्या रसानें माणसें दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची एक समिति नेमली, व तिचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. समितीचें सांगणें असें कीं रस काढण्यापूर्वीं भोपळ्याचा लहान तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास टाकून द्यावा. आणि हा रस दुसऱ्या कोणत्याही रसांत मिसळूं नये. मिसळूं नये कां? मिसळल्यानें कडूपणा जिभेला कळत नाहीं, आणि पोटाला तर कळतोच. ह्या विषावर उतारा असा नाहीं. सलाईन लावून व औषधें देऊन शरीर सांभाळावें लागतें, एवढेंच डॉक्टरांच्या हातीं असतें. आमच्या घरच्या प्रसंगानंतर दोन वर्षांनीं, २०१८ सालीं, पुणें शहरांत एक निरोगी बाई असा रस पिऊन मरण पावली. ती बातमी वाचून आम्ही किती वेळ वर्तमानपत्र हातांत धरून बसलों होतों तें सांगतां येत नाहीं.

तर गिलगालास लोक जेवूं लागले, आणि पहिल्या कांहीं घासांतच ते ओरडले. अन्नांत मरण आहे असें त्यांनीं देवाच्या माणसाला तोंडावर सांगितलें. हें ओरडणें आम्हांस पूर्वीं उद्धटपणाचें वाटे. हंडा चढवावयास सांगितलें होतें कोणीं? खुद्द अलीशानें. म्हणजे यजमान तोच. गुरु तोच. शिष्यांनीं गुरूच्या घरच्या अन्नाला असें म्हणावें काय? आमच्या पंगतींत बसलेल्या भल्या माणसांनीं तसें म्हटलें नसतें. त्यांनीं फळ ताटाच्या कडेला सारून वर भाकरीचा तुकडा ठेविला असता, आणि गिलगालास त्या दिवशीं प्रेतें पडलीं असतीं. शिष्य वांचले ते आपल्या ओरडण्यामुळें. पिठाचा चमत्कार त्या ओरडण्याच्या मागून आला.

आणि अलीशा रागावला नाहीं. फळें कोणीं आणिलीं हें त्यानें विचारलें नाहीं. त्या तरुणाचें नांवही शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. त्यानें पीठ मागितलें, हंड्यांत टाकलें, आणि लोकांना वाढावयास सांगितलें. येथें कोणीं असें समजूं नये कीं पीठ घातल्यानें कडू भाजी निर्विष होते. तो देवाचा हात होता. आपल्या घरीं कडू भाजीला खड्डा हेंच औषध. पण पीठ आणि गूळ यांतील भेद मात्र पाहण्यासारखा आहे. पीठ पडलें तें कडूपणा सर्वांसमक्ष उघड झाल्यावर. आमचा गूळ पडला तो कडूपणा कोणाला कळूं नये म्हणून.

झऱ्यांविषयीं पुढें सांगूं असें वर म्हटलें आहे. झरे आटले नव्हते.

२०१३ च्या त्या उन्हाळ्यांत शेतीची वीज रात्रीची येई. बंधूंच्या पाळीच्या रात्रीं आम्ही बारा वाजतां उठून मोटार चालू करीत असूं, आणि पहांटेस बंद करीत असूं. तीन आठवडे आम्हीं असें केलें. आमचा ऊस वांचला. त्यांचीं डाळिंबें वाळलीं. ही गोष्ट आम्हीं पत्नीलाही सांगितली नव्हती. पाळकसाहेबांना जुनें उकरूं नका असें म्हणण्याचें कारण आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. आमचा तो समेटाचा सर्व समारंभच गूळ घातलेली भाजी होती. भोपळ्याचा हंडा त्या दिवशीं चुलीवर चढला. दुसरा हंडा तीन वर्षें शिजत होता.

इस्पितळांत तिसऱ्या दिवशीं बंधूंना जरा हुशारी वाटूं लागली. मुलगे चहाला बाहेर गेले होते. भाजीचा कबुलीजबाब एकदां दिला होता, त्यामुळें असेल, दुसरा देण्याचें बळ आलें. आम्हीं खाटेच्या लोखंडी दांडीला धरून म्हटलें, ‘दादा, त्या साली तुमच्या पाळीचें पाणी मीं घेतलें. रात्रीं.’

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘ठाऊक होतें. तिसऱ्या रात्रींच मी विहिरीवर येऊन गेलों होतों.’

आम्हीं विचारलें, ‘मग बोललां कां नाहीं?’

‘तूं बोलशील म्हणून वाट पाहिली.’

आणि भाजी कडू आहे हें कळलें नव्हतें काय, असें विचारतां म्हणाले, ‘पहिल्याच घासाला कळलें. पण पान बाजूला सारलें असतें तर तुला वाटलें असतें, मनांत अजून आहे.’

वाचकहो, हें उत्तर ऐकून आमची जी स्थिति झाली ती लिहितां येत नाहीं. ज्यानें आपलें पाणी चोरलें त्याच्या हातचें कडू अन्न हा मनुष्य केवळ सलोखा मोडूं नये म्हणून खात होता, आणि पुन्हां मागून घेत होता. त्यांच्या या प्रीतीपुढें आम्ही आजही मान खालीं घालतों. तथापि डॉक्टर त्यांना रागें भरले तेंही योग्यच होतें. आपल्या प्रभूला वधस्तंभावर देण्याच्या वेळीं कडू मिसळलेला द्राक्षारस देऊं केला, तो त्यानें चाखला आणि नाकारिला. चाखून परत करण्यांत पाप नाहीं. बंधूंनीं त्या पंगतींत नुसतें एवढें म्हटलें असतें कीं भाऊ, भाजी कडू आहे, तर आमची अब्रू गेली असती व त्यांचें रक्त वांचलें असतें. आणि २०१३ सालीं विहिरीवर उभें राहून एक हांक मारली असती तर? हें आम्ही त्यांना दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. चोर आम्ही. पण थोरल्यांच्या मुकेपणानेंही घरें मोडतात, हें त्यांनींच पुढें आम्हांस बोलून दाखविलें.

शेवटल्या भोजनाच्या रात्रीं प्रभूनें काय केलें तें पाहा. यहूदाच्या मनांत काय आहे हें त्याला ठाऊक होतें. त्यानें ठाऊक नसल्याचें सोंग केलें नाहीं. तुम्हांपैकीं एक जण मला धरून देणार आहे असें तो भर पंगतींत बोलला, आणि सर्वांचीं तोंडें उतरलीं. इतकें बोलून त्यानें त्याच मनुष्याला भाकरीचा तुकडा बुडवून आपल्या हातानें दिला. त्या आधीं इतरांबरोबर त्याचेही पाय धुतले होते. सत्य सांगितलें म्हणून घास देण्याचें थांबविलें नाहीं, आणि घास द्यावयाचा म्हणून सत्य गिळलें नाहीं. आमच्या बंधूंच्या पदरीं यांतील अर्धें होतें. आमच्या पदरीं कांहींच नव्हतें.

मोशेच्या तिसऱ्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत, सतराव्या वचनांत, दोन आज्ञा एकत्र दिल्या आहेत : भावाचा मनांत द्वेष करूं नये ही एक, आणि त्याला त्याचा अपराध उघड सांगावा ही दुसरी. पहिली आज्ञा आम्ही मुलांना रविवारच्या शाळेंत शिकवितों. दुसरी कोणी शिकवीत नाहीं, म्हणून पहिलीही पाळली जात नाहीं. आमच्या मंडळ्यांत किती पातेलीं अशीं चुलीवर आहेत! निधीच्या हिशेबांत वर्षें जुळत नाहींत, आणि वार्षिक सभेंत आभार मानून वही बंद केली जाते. दोघे वडील एका बांकावर बसून एकाच स्तोत्रपुस्तकांतून गातात आणि दाराबाहेर पडल्यावर एकमेकांकडे पाहत नाहींत. लग्न मोडतें, मुलगी माहेरीं परत येते, कां आली तें कोणी विचारीत नाहीं. प्रार्थना मात्र फार गोड होतात. पाळकानें विचारावें तर पाळक उपरा. वडिलांनीं विचारावें तर वडील सोयरे.

याची दुसरीही बाजू आहे, व ती न लिहिणें बरें नव्हे. कांहीं लोकांच्या जिभेला प्रत्येकच हंडा कडू लागतो. ते गांवभर दुसऱ्याच्या चुलीवरच्या भाजीची चव सांगत फिरतात. गिलगालचे शिष्य तसे नव्हते. जें त्यांच्या स्वतःच्या तोंडांत होतें त्याविषयींच ते बोलले, आणि ज्याला सांगावयाचें त्यालाच, समोर बसून, सांगितलें. प्रभूनेंही अपराधी भावाकडे प्रथम एकट्यानें जावयास सांगितलें आहे. चावडीवर जावयास सांगितलेलें नाहीं. आमच्या त्या प्रसंगानंतर जे लोक आमच्या पत्नीच्या हाताला नांवें ठेवीत हिंडले, त्यांच्यापैकीं एकानेंही तिला येऊन विचारलें नाहीं कीं बाई, काय झालें. आम्हीं पुढल्या रविवारीं उपासनेनंतर उभें राहून भाजीची व विहिरीची अशा दोन्ही गोष्टी मंडळीपुढें सांगितल्या. पत्नी स्त्रियांच्या रांगेंत बसली होती. विहिरीची गोष्ट तिनें तेव्हांच प्रथम ऐकली, आणि त्याबद्दल तिचा राग बरेच दिवस राहिला. तो रास्त होता. वाळलेल्या झाडांची भरपाई म्हणून आमच्या पाळीचा एक दिवस तीन हंगाम बंधूंना द्यावा असें ठरलें. ते घेईनात. पाळकसाहेबांनीं त्यांना समजाविलें कीं घेणें हेंही कधीं कधीं आज्ञापालन असतें. मग त्यांनीं घेतला.

पाळीची वही आतां विहिरीजवळच्या खोपटांत खुंटीला टांगलेली असते. रविवारचें पान कोरें असतें.

मोरीजवळचा वेल आम्हीं मुळासकट उपटून जाळला. २०१७ च्या पावसाळ्यांत बंधूंनीं आपल्या परसांत विकतचें चांगलें बीं लावून दुधी केला, आणि श्रावणांत एके सकाळीं पहिला भोपळा कांखेंत मारून ते आमच्या दारीं आले. पत्नीनें हात पुढें केला, तरी त्यांनीं तो दिला नाहीं. कोनाड्यांतली विळी स्वतःच काढून घेतली, ओट्यावर मांडी घालून बसले, आणि देंठाकडची एक चकती कापून तिचे दोन तुकडे केले. एक त्यांनीं आपल्या तोंडांत टाकिला. दुसरा आमच्या हातावर ठेविला, आणि आम्ही चावून सांगेपर्यंत विळीवर तसाच हात ठेवून ते थांबून राहिले.